बंब येईपर्यंत

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या. एक डोळा गॅसकडे असू द्या आणि कान आमच्याकडे. आज आम्ही ढोकीच्या बचत गटातल्या बाया आगीविषयी आणि ती विझवणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहोत. आम्ही सगळ्याजणींनी मिळून एक सिनेमा पाहिला, त्यावरून ही गोष्ट निघाली. पण सिनेमा का पाहावासा वाटला, ते आधी सांगायला हवं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, दिवस मावळायच्या सुमारास, आमच्या गटातल्या एका ताईंचा गोठा पेटला. तुराट्यांचा कूड, वर पत्रे, शेजारी कडब्याची गंज आणि वरून गेलेली विजेची तार. वारं सुटलं, तारेला तार घासली आणि ठिणगी पडली, असं नंतर सगळे म्हणाले. पेटताना कुणी पाहिलं नाही. गोठ्यात तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. गटाच्या कर्जातून घेतलेल्या, दोनच हप्ते फिटलेले. ताईंनी पदर खोचला आणि आत शिरल्या. एक शेळी काढली. परत गेल्या, दुसरी काढली. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा वरची आडवी लाकडं खाली आली. अंगावर नायलॉनची साडी होती. ती नुसती जळली नाही, वितळून कातडीला चिकटली.

ताई वाचल्या. दोन महिने दवाखान्यात काढले. पाठ भरून आली, पण उजव्या हाताची मूठ आजही पुरती मिटत नाही. खुरपं धरता येत नाही. तिसरी शेळी गेली ती गेलीच.

आता आमची गोष्ट. त्या संध्याकाळी आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या हातात फोन होता. कुणी दिराला लावला, कुणी भावाला, कुणी सरपंचांना. बंबाला फोन करायचं अर्धा तास कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा नंबर कुणाजवळ नव्हता. बंब आला तेव्हा विझवायला राख उरली होती. त्याआधी आम्ही घागरींनी पाणी ओतत होतो, आणि वरची तार चालू आहे की बंद, हे एकीनंही विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही काय केलं? ताईंच्या नावानं टाळ्या वाजवल्या. “बाई असावी तर अशी,” म्हणालो. ताई तेव्हा दवाखान्यात पालथ्या झोपून होत्या.

त्या टाळ्या आम्हाला सिनेमा पाहताना आठवल्या.

सिनेमाचं नाव ‘अग्नी’. हिंदी आहे, पण त्यातलं घर मराठी आहे आणि शहर मुंबई. राहुल ढोलकिया यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर २०२४ मध्ये थिएटरात न लागता थेट मोबाईल-टीव्हीवर आला. एका मैत्रिणीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं रविवारी तो टीव्हीवर लावून दिला. प्रतीक गांधी यांनी विठ्ठल नावाच्या अग्निशमन अधिकाऱ्याचं काम केलं आहे. सई ताम्हणकर त्याची बायको. दिव्येंदू हा तिचा भाऊ, म्हणजे विठ्ठलचा मेहुणा, आणि तो पोलीस अधिकारी. सैयामी खेर यांनी दलातल्या महिला अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. आपले जितेंद्र जोशीही आहेत. मुंबईत एकामागून एक संशयास्पद आगी लागतात आणि त्यांचा छडा लावताना विठ्ठल आणि त्याचा मेहुणा यांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं, अशी गोष्ट. आगी कोण लावतं ते सांगत नाही, नाहीतर पाहायची मजा जाईल.

आम्हाला रहस्यापेक्षा घरातली गोष्ट भिडली. विठ्ठलच्या मुलाला बापापेक्षा पोलीस मामाचं कौतुक जास्त. मामाकडे रुबाब आहे, त्याचं नाव होतं. बाप रोज धुरातून परत येतो, आणि ते कुणाच्या खिजगणतीत नाही. बघता बघता आमच्यातली एक मावशी म्हणाली, “खरंच की गं. पोलीस, जवान यांचे सिनेमे किती पाहिले. बंबवाल्याचा हा पहिलाच.” आणि विठ्ठलची बायको दाराकडे डोळे लावून बसते, ते तर आमच्यातल्या कितीजणींचं रोजचं आहे. जिचा नवरा विजेच्या खांबावर चढतो, जिचा नवरा रात्रीची ट्रक चालवतो, तिला ते समजावून सांगावं लागत नाही.

गोठ्याच्या आगीतल्या ताईही त्या दिवशी आल्या होत्या. सिनेमा संपल्यावर सगळ्या बोलत होत्या, त्या गप्प. मग म्हणाल्या, “ही माणसं आत जायच्या आधी केवढं अंगावर चढवतात. बूट, कोट, टोप, पाठीवर नळकांडं. मी पदर खोचून गेले. मला वाटलं, धाडस म्हंजे हेच.”

कुणी काही बोललं नाही. मग आम्ही ठरवलं, की बंबवाल्याचं धाडस नेमकं कसं असतं, हे समजून घ्यायचं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, रात्रभर जाग. पण हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळतात, आणि १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सप्ताह असतो. याचं मूळ आपल्या मुंबईतच आहे. साल १९४४, दुसरं महायुद्ध चालू. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी कापसाच्या बाजूनं धूर दिसला. अग्निशमन दलाची माणसं आली आणि जहाजावर चढून पाणी मारू लागली. पोटात काय भरलंय, हे कळल्यावरही ती मागे हटली नाहीत. चार वाजून गेले आणि जहाज फुटलं. अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला. पेटता कापूस आणि लोखंडाचे तुकडे उडून गोदीवर आणि आसपासच्या वस्तीवर पडले. शेकडो माणसं गेली, हजारोंची घरं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात मेले. त्यांच्या आठवणीसाठी हा दिवस.

यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे, म्हणून थोडं थांबतो. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीची आग वरून दिसते त्याहून आत जास्त असते. वरून पाणी मारलं की ज्वाळा बसते, पण आत निखारा धुमसत राहतो. आपली कडब्याची गंज, सोयाबीनची गंज, सरकीची पोती अगदी अशीच. म्हणून गंजीची आग विझली असं वाटलं तरी घरी जाऊन झोपायचं नाही. ज्वाळा बसल्यावर लांब दांड्याच्या आकडीनं पेंढ्या ओढून सुट्ट्या करायच्या, प्रत्येक थर भिजवायचा, आणि रात्रभर कुणीतरी जागं राहायचं. पहाटेच्या वाऱ्यावर विझलेली गंज परत पेटते.

दुसरी घटना अलीकडची. ९ मे २०१५, मुंबईत काळबादेवी. गोकुळ निवास नावाची जुनी इमारत पेटली. विझवताना इमारत कोसळली. या आगीत अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. राणे आणि देसाई त्याच वेळी गेले. अमीन आणि नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत दवाखान्यात झुंजले आणि नंतर गेले. दलाचा प्रमुख म्हणजे केवढा मोठा साहेब. पण तो लांब गाडीत बसून हुकूम देत नव्हता, आपल्या माणसांबरोबर तिथेच होता.

हे ऐकून आमच्यातल्या एकीनं विचारलं, “मग त्यांनी तर सगळं अंगावर चढवलं होतं, शिकलेले होते, तरी गेलेच की.” प्रश्न बरोबर आहे. शिकलेली, तयारीची माणसंही आगीत जातात, मग बिनतयारीच्या माणसाचं काय होईल, याचा विचार करा. आग धाडसी माणूस कोण आणि भित्रा कोण, हे बघत नाही.

आता बंबवाल्यांची रीत सांगतो.

पहिली गोष्ट, आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेनं मरत नाही, धुरानं मरतो. धुरातला विषारी वायू दोन-चार श्वासांतच डोकं गरगरवतो. हात-पाय ऐकत नाहीत आणि दार समोर असून सापडत नाही. म्हणून जवान पाठीवर नळकांडं बांधतात. त्यात नुसता ऑक्सिजन असतो असं आपल्याला वाटतं, पण असते ती आपण श्वास घेतो तीच साधी हवा, दाबून भरलेली. साधारण अर्धा-पाऊण तास पुरते. धावपळ केली, घाबरून जोरात श्वास घेतले, तर लवकर संपते. हवा संपत आली की शिट्टी वाजते आणि शिट्टी वाजली की बाहेर. काम अर्धं असलं तरी बाहेर.

दुसरी गोष्ट, बंबवाला एकटा आत जात नाही. जोडीनं जातात. बाहेर एकजण नोंद ठेवतो की कोण कधी आत गेलं आणि कुणाची हवा किती उरली. आत गेलेली माणसं आणि बाहेर आलेली माणसं यांचा हिशेब जुळला पाहिजे. आपण गटाच्या वहीत बचतीचा हिशेब जुळवतो ना, तसा.

तिसरी गोष्ट, धूर आणि गरम हवा वर चढते, थंड हवा जमिनीलगत राहते. म्हणून ते वाकून, रांगत जातात. बंद खोलीत आग बराच वेळ धुमसली की छताखाली तापलेला धूर साचतो, आणि एका क्षणी पलंग, कपडे, कपाट, सगळी खोली एकदम पेटते. दार धाडकन उघडलं की आत हवा जाते आणि आग अंगावर येते. म्हणून दाराला हाताचा मागचा भाग लावून बघायचं. दार तापलं असेल तर उघडायचं नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आग तीन गोष्टींवर जगते. जळायला काहीतरी, उष्णता आणि हवा. यातली एक काढून घेतली की आग मरते. पाणी उष्णता काढतं. झाकण, माती, ओली गोधडी हवा तोडते. मधला कडबा बाजूला ओढला, ऊस कापून पट्टा मोकळा केला, तर जळायला काही उरत नाही. बंबवाल्याचं डोकं पहिल्या मिनिटाला हाच हिशेब करतं की इथं काय काढता येईल. शेजारच्या तेरचे गोरोबा काका कुंभार होते. कुंभाराला आव्याची भीती नसते, कारण त्याला आव्याची रीत माहीत असते. आपल्याला भीती वाटते आणि रीत माहीत नसते, म्हणून आपण एकतर पळतो, नाहीतर उडी मारतो.

आणि हे काम बाईचं नाही, असं कुणाला वाटत असेल तर ऐका. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथं वर्षानुवर्षं फक्त मुलं शिकायची. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तिथं दाखल झाल्या. तिथं शिकणारी ती देशातली पहिली मुलगी. मुलांसोबत तेच कवायतीचं मैदान, तेच वजनदार पाईप. पुढे त्यांनी तेल आणि वायू काढणाऱ्या सरकारी कंपनीत अग्निशमन अधिकारी म्हणून काम केलं. मुंबईच्या अग्निशमन दलातही आता बाया आहेत. सिनेमातली सैयामीची भूमिका नुसती कल्पनेतली नाही. तुमच्या घरात बारावी झालेली, अंगानं काटक, पळायला चपळ मुलगी असेल तर तिच्या कानावर हे घाला.

आता परत ढोकीला येऊ. मुंबईत बंबाचं केंद्र जवळपास कुठेतरी असतं. आपल्याकडे बंब नगरपालिकेच्या गावाहून यायचा. धाराशिव इथून वीस-पंचवीस किलोमीटर. गाडी लगेच निघाली, तरी अंतर काही कमी होत नाही, आणि शेतातल्या वस्तीची वाट काही डांबरी नसते. गळीत हंगामात कारखान्याचा बंबही मदतीला येतो, पण त्यालाही पोहोचायला वेळ लागतो. किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे ढिगाऱ्यातून माणसं काढायला पहिले हात शेजाऱ्यांचेच होते. लष्कर, पोलीस, डॉक्टर नंतर आले. आगीचंही तसंच. बंब येईपर्यंतचा वेळ आपला असतो. त्या वेळात काय करायचं आणि काय करायचं नाही, ते सांगतो. लिहून घ्या.

पहिलं काम फोन. १०१ किंवा ११२. ११२ वर पोलीस, बंब, रुग्णवाहिका, तिन्हींची मदत मिळते. जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही विचारून ठेवा. फोनवर रडू नका, ओरडू नका. गाव, वस्ती, जवळची खूण, काय पेटलंय, आत माणूस आहे का, आणि रस्ता गाडी येण्याजोगा आहे का, एवढं सांगा. समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. मग एका पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा. वस्तीचा रस्ता शोधण्यात बंबाची दहा मिनिटं जातात, ती वाचतील.

दुसरं काम वीज. मेन स्विच पाडा. वरची तार तुटली असेल तर तिच्या जवळ जाऊ नका, १९१२ ला फोन लावा आणि गावातल्या वायरमनला सांगून लाईन बंद करून घ्या. लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारायचं नाही. आम्ही त्या संध्याकाळी मारत होतो. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तिसरं, स्वयंपाकघर. कढईतलं तेल पेटलं तर पाणी चुकूनही ओतू नका. पाण्याची वाफ झाली की ते जवळजवळ सतराशे पट फुगतं. एक पेलाभर पाणी तापलेल्या तेलात पडलं की पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, कढईवर परात झाका आणि तशीच राहू द्या. कढई उचलून अंगणात पळू नका. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, चालू दिवा बंदही करू नका, कारण बटणात ठिणगी पडते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीवर साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लेकरांना बाहेर काढा आणि १९०६ ला फोन करा. सिलिंडरच्या तोंडाशी छोटी ज्वाळा असेल तर जाडं कापड भिजवून तोंडावर टाकता येतं आणि हात पोहोचत असेल तर बटण फिरवता येतं. पण सिलिंडरच आगीच्या मध्ये सापडून तापत असेल, तर सगळं सोडून लांब जा. तिथं थांबणं हे धाडस नव्हे.

चौथं, गोठा आणि गंज. गंज घराला आणि गोठ्याला चिकटून रचू नका, तारेखाली तर नकोच. एका मोठ्या गंजीपेक्षा दोन लहान गंजी लांब लांब बऱ्या, एक गेली तर दुसरी राहते. जनावराचं दावं एका झटक्यात सुटेल अशा सुरगाठीनं बांधा, आणि दारापाशीच बाहेर एक विळा टांगून ठेवा, दावं कापायला. आग अजून गोठ्यात शिरली नसेल तर जनावरं सोडा. छत पेटलं असेल तर आत जायचं नाही. शेळी पुन्हा घेता येते. आम्हाला हे वाक्य बोलायला सोपं जात नाही. कर्जाची शेळी म्हणजे काय असतं, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच मोठ्यानं सांगतो.

उसाचं थोडं सांगतो. ऊस वाळायला लागला की तारेखालच्या भागात थोडी रुंद पट्टी साफ ठेवा, पाचट गोळा करून बाजूला करा. दुपारच्या वाऱ्यात पाचट जाळू नका. पेटलाच तर वाऱ्याच्या पुढे उभं राहू नका. ट्रॅक्टरला नांगर लावून पुढची पट्टी मोकळी करणं आणि फवारणीच्या ब्लोअरनं कडा भिजवणं, हे बाजूनं करता येतं.

पाचवं, माणूस. कपड्याला आग लागली तर पळू नका, पळालं की आग वाढते. जागीच खाली आडवं व्हा आणि लोळा. दुसऱ्याला आग लागली तर जाड सुती गोधडी किंवा घोंगडं गुंडाळा, नायलॉनचं काही नको. भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी वीस मिनिटं सोडत राहा. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल, काहीही लावू नका. बांगड्या, अंगठी लगेच काढा, नंतर हात सुजतो. चिकटलेलं कापड ओढू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाका आणि १०८ ला फोन करा. चुलीपाशी, गॅसपाशी सुती साडी नेसा आणि पदर कमरेला घट्ट खोवा.

सहावं, आग विझल्यावरचं काम. राख उचलायची घाई करू नका. फोटो काढा. तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या, पोलीस ठाण्यात खबर द्या, जनावर मेलं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला घ्या. विजेच्या तारेमुळे आग लागली असं वाटत असेल तर विद्युत निरीक्षकांच्या अहवालाची मागणी लेखी करा, भरपाईला तो कामी येतो. आमच्या ताईंच्या घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळं साफ केलं होतं. दाखवायला काही उरलं नाही.

आता आम्ही काय केलं ते. आपल्या दशसूत्रीत बचत आहे, बैठक आहे, परतफेड आहे, आरोग्य आहे. आगीचं सूत्र नाही. ते आम्ही आमच्यापुरतं घातलं. प्रत्येक वस्तीवर चार बायांना चार कामं वाटून दिली. एक फोन करणार, एक मेन पाडणार, एक माणसं मोजणार, एक फाट्यावर पोरगं धाडणार. ग्रामसंघाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं नंबर लिहिले. दोन बादल्या वाळू आणि चार बादल्या पाणी कायम भरून ठेवायचं ठरलं. मसाल्याच्या गिरणीसाठी गटानं एक लाल नळकांडं घेतलं. त्याची पिन ओढायची, तोंड आगीच्या बुडाशी धरायचं, ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे फिरवायचं. वर्षातून एकदा त्याचा काटा तपासून घ्यायचा.

पहिला सराव केला तेव्हा फजिती झाली. बादल्याच नव्हत्या. त्या कुणाच्यातरी लग्नाला गेल्या होत्या. फाट्यावर धाडलेला पोरगा तिथं वडापाव खात बसला. मेन पाडणाऱ्या काकूंना मेन कुठं आहे तेच माहीत नव्हतं. खूप हसलो. मग एक आजी म्हणाली, “हसा, पण आजच कळलं ते बरं झालं.” दुसऱ्या सरावाला बादल्यांवर लाल रंगानं ‘आग’ असं लिहिलं. आता त्या लग्नाला जात नाहीत.

मोजणीचं काम आम्ही ताईंना दिलं. त्यांनीच मागून घेतलं. सरावात सगळ्या धावपळ करतात, ओरडतात, आणि ताई बाजूला उभ्या राहून नावं घेतात. कोण बाहेर आलं, कोण आत राहिलं. एकदा सरावातच एक नवी सून सवयीनं परत आत निघाली, तिची पिशवी आत राहिली होती. ताईंनी त्याच न मिटणाऱ्या हातानं तिचा दंड धरला आणि सोडला नाही. म्हणाल्या, “पिशवी राहू दे. तू मोजणीत आहेस.”

मागच्या बैठकीत आम्ही परत टाळ्या वाजवल्या. या वेळी ताई समोर बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, आज झोपण्याआधी एक काम करा. घराच्या भिंतीवर, दाराच्या आतल्या बाजूला, खडूनं का होईना, १०१, ११२ आणि १०८ लिहा. आणि येत्या १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत जाल तेव्हा त्या ६६ जणांचीही एकदा आठवण काढा. तुमच्या गावात सराव करायचा असेल तर आम्हाला सांगा, आम्ही येऊ. बादल्या मात्र तुमच्या.